कोडमधला प्रिंट हटवा, प्रोसेसर थांबवून बघा

प्रश्न : शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तापमानानुसार पंख्याचा वेग बदलणारा कंट्रोलर करतेय. अर्डुइनोवर बरीच छोटीमोठी कामं केली आहेत, तिथे फारसं कधी अडलं नाही. गाईडनी सुचवलं म्हणून ब्लू पिल नावाचा एसटीएम३२ चिपचा बोर्ड घेतला आणि एसटीएम३२क्यूबआयडीई हे त्या चिपसाठी कोड लिहायचं आणि तपासायचं सॉफ्टवेअर (आयडीई) उतरवून घेतलं. एलईडी बरोब्बर सेकंदासेकंदाला लुकलुकायला लागला तेव्हा वाटलं, जमलं. मग एकेक सुरू झालं. एक पिन बदलून कोड पुन्हा जनरेट केला, तर मी लिहिलेलं निम्मं गायब. टायमर ३ वरून पीए६ पिनवर चार तारांच्या पंख्याला २५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम, म्हणजे झरझर चालू-बंद होऊन वेग ठरवणारा सिग्नल, दिला. टायमरला ७२ मेगाहर्ट्झ धरून एआरआरमध्ये, म्हणजे टायमरने कुठवर मोजायचं ते ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यात), २८७९ टाकले. हिशेब पुन्हा पुन्हा तपासला, तरी पंखा शिट्टी वाजवतो. पंख्याचा पल्स आला की हातातलं काम थांबवून चालणाऱ्या इंटरप्टमध्ये प्रिंट टाकला की मोजलेला वेग कमी येतो, काढला की वाढतो. डीबग (तपासणीच्या) बिल्डमध्ये चालणारा प्रोग्राम रिलीजमध्ये (अंतिम बिल्डमध्ये) ‘पल्स येईपर्यंत थांब’ या लूपमध्ये कायमचा अडकतो. त्यात नवीन प्रोजेक्ट उघडून एकदा फ्लॅश केल्यापासून, म्हणजे चिपमध्ये उतरवल्यापासून, बोर्ड कनेक्टच होत नाही. एक मित्र म्हणतो अर्डुइनोवर परत जा, दुसरा म्हणतो केल हे दुसरं आयडीई वापर, तिसरा म्हणतो खरे इंजिनिअर थेट रजिस्टर लिहितात. सादरीकरणाला दीड महिना आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पाचही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण आयडीई बदलून जाईल असं त्यात एकही नाही. अर्डुइनोवर परत गेलात तर प्रिंटची आणि अडकलेल्या लूपची तक्रार तिथेही तुमची पाठ सोडणार नाही. केलवर गेलात तर बहुतेक सगळ्याच सोबत येतील, शिवाय परवान्याच्या अटी वाचायचं काम वाढेल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात प्रिंट आहे, बिल्ड आहे, जनरेट आहे, पण ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम ठरल्या ओळीवर थांबवणारी खूण, कुठेच नाही. म्हणजे एवढं मोठं आयडीई तुम्ही ‘अपलोड’चं बटण असलेला एडिटर म्हणून वापरताय. तसंच वापरायचं असेल तर अर्डुइनोचं आयडीई खरंच बरं, ते लवकर उघडतं तरी. क्यूबआयडीईचा पसारा सोसायचा तो एकाच कारणासाठी : चालू चिप मध्येच थांबवून तिच्या पोटात काय चाललंय ते बघता येतं. कोड लिहायला तर साधा नोटपॅडही पुरतो.

पण बघायला आधी बोर्ड कनेक्ट व्हायला हवा, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

बोर्ड मेलेला नाही. क्यूबमध्ये, म्हणजे सेटिंगवरून कोड जनरेट करणाऱ्या भागात, तुमच्या बोर्डवरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपचा कोरा प्रोजेक्ट उघडला की ‘सिस’ या भागात डीबगचा पर्याय ‘नो डीबग’ असा असू शकतो. तो ‘सीरियल वायर’ केला नाही, तर जनरेट होणारा कोड सुरू होता होताच डीबगरच्या पिना, म्हणजे पीए१३ आणि पीए१४, बंद करून टाकतो. पहिल्यांदा फ्लॅश होतं, कारण तोवर हा कोड चिपमध्ये नसतो. पुढच्या वेळी चिप जागी होते, दार आतून लावून घेते आणि एसटी-लिंक (कॉम्प्युटरला बोर्डशी जोडणारा डीबगर) बाहेर ताटकळत राहतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

उपाय सोपा आहे. बोर्डवरचा बूट० चा जंपर १ वर करा आणि रिसेट दाबा. आता चिप तुमच्या कोडऐवजी कारखान्यातून आलेला बूटलोडर चालवेल, त्यामुळे डीबगरच्या पिना मोकळ्या राहतील. प्रोजेक्टमध्ये ‘सीरियल वायर’ निवडा, कोड जनरेट करा, फ्लॅश करा, जंपर परत ० वर आणा. एसटी-लिंकपासून बोर्डच्या रिसेट पिनपर्यंत पाचवी तार ओढली असेल, तर डीबगच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ निवडूनही काम होतं. ती तार एकदा ओढून ठेवाच, हा प्रसंग पुन्हा येतो. एवढं करूनही आयडीई ‘चिपचा आयडी जुळत नाही’ असं म्हणालं तर बोर्डवर नकली चिप असण्याची शक्यता आहे. ब्लू पिलच्या बाबतीत हे सर्रास घडतं. मग दुसरा बोर्ड घ्या, त्या चिपशी झटापट करत बसू नका.

आता शिट्टी. तुमच्या सगळ्या तक्रारींत ही मला सर्वांत आवडली, कारण तुमचा हिशेब खरंच बरोबर आहे. ७२ मेगाहर्ट्झला २८८० ने भागलं की २५ किलोहर्ट्झच येतात. एआरआर शून्यापासून मोजतो म्हणून २८७९, तेही बरोबर. आणि चार तारांच्या पंख्यांना २१ ते २८ किलोहर्ट्झ लागतात, तेव्हा तुमचा आकडा योग्यच आहे. चूक त्या ७२ मध्ये आहे. ते ७२ तुम्ही बघितले नाहीत, गृहीत धरलेत.

डीबग सुरू करा. प्रोग्राम मेनच्या पहिल्या ओळीवर थांबेल. क्लॉकची सेटिंग करणारं फंक्शन होऊन जाईल अशा बेताने त्याच्या पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा आणि तिथपर्यंत पळू द्या. आता एसएफआरची खिडकी उघडा. चिपमधली सगळी रजिस्टरं तिथे नावासकट मांडलेली असतात. आरसीसीमधलं (क्लॉक सांभाळणाऱ्या भागातलं) सीएफजीआर उघडा आणि त्यातले एसडब्ल्यूएस हे दोन बिट वाचा. सध्या प्रोसेसर कुठल्या क्लॉकवर चाललाय हे ते सांगतात. १० दिसलं तर पीएलएल (क्लॉक गुणून वाढवणारा भाग), ०१ दिसलं तर बाहेरचा क्रिस्टल, ०० दिसलं तर चिपच्या आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर. तुम्हाला ०० दिसेल असं मी जवळजवळ खात्रीने सांगते, कारण कोऱ्या प्रोजेक्टमध्ये चिप त्याच ८ मेगाहर्ट्झवर सोडलेली असते. ८० लाखांना २८८० ने भागा. सुमारे २,७७८ हर्ट्झ येतात, आणि तो आवाज कानाला चांगलाच टोचतो.

तुम्हाला फसवलं ते एलईडीने. तो बरोब्बर सेकंदाने लुकलुकला म्हणून क्लॉक बरोबर आहे असं तुम्ही समजलात. पण एचएएलचं (क्यूबसोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या लायब्ररीचं) डिले फंक्शन चालू क्लॉकचा वेग बघून आपलं गणित जुळवतं, त्यामुळे ८ वर असो की ७२ वर, सेकंद सेकंदाएवढाच राहतो. टायमरच्या रजिस्टरमध्ये तुम्ही हाताने घातलेल्या २८७९ ला मात्र कोणी सांभाळून घेत नाही.

दुरुस्ती क्लॉकच्या पानावर करायची. आरसीसीमध्ये बाहेरचा क्रिस्टल चालू करा. ब्लू पिलवर तो ८ मेगाहर्ट्झचा असतो. पीएलएलने त्याला ९ ने गुणा, ७२ झाले. एपीबी१ या बसची (चिपच्या आतले भाग जोडणाऱ्या मार्गाची) कमाल ३६ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून तिथे २ ने भागा. टायमर ३ याच बसवर बसतो, तेव्हा आता एआरआर निम्मा करायचा की काय, अशी शंका येईल. करू नका. बसचा क्लॉक १ सोडून कशानेही भागलेला असला की टायमरला त्याच्या दुप्पट मिळतो, म्हणजे पुन्हा ७२. ही गोष्ट रेफरन्स मॅन्युअलच्या क्लॉकच्या आकृतीत एका चौकोनात लिहिलेली आहे आणि निम्मे लोक ती न वाचता पुढे जातात. ते मॅन्युअल ११०० हून अधिक पानांचं आहे, सगळं वाचायला मी सांगत नाही. आरसीसी, जीपीआयओ (म्हणजे पिना) आणि टायमर ही प्रकरणं वाचा, तुमचा प्रकल्प तेवढ्यात भागतो.

प्रिंटकडे येऊ. ९६०० बॉडवर एक अक्षर पाठवायला १० बिट लागतात, म्हणजे एका अक्षराला मिलिसेकंदाहून जरा जास्त. चाळीसेक अक्षरांची ओळ जायला ४० मिलिसेकंद आरामात लागतात. तुमचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेतोय असं धरा. टॅकोच्या, म्हणजे वेग कळवणाऱ्या, तारेवर एका फेरीला दोन पल्स येतात, म्हणजे सेकंदाला ५०, दर २० मिलिसेकंदांनी एक. तुम्ही पहिल्या पल्सच्या इंटरप्टमध्ये शिरून ४० मिलिसेकंद प्रिंट करत बसलात, तेवढ्यात बाहेर आणखी दोन पल्स येऊन गेले. चिपजवळ त्यांची नोंद ठेवायला एकच बिट आहे. एक आला की ते १ होतं, दुसरा आला तरी ते १ च राहतं. दुसरा पल्स गेला. आकडा कमी का येतो, ते एवढंच. जो वेग तुम्ही बघायला गेलात तो बघण्यानेच बिघडवलात.

इंटरप्टमध्ये एका व्हेरिएबलची किंमत एकने वाढवा आणि बाहेर पडा, तिथे दुसरं काहीही नको. मुख्य लूपमध्ये दर सेकंदाला आधीच्या आणि आताच्या मोजणीतला फरक काढा, ३० ने गुणा, मिनिटाचे फेरे मिळाले. (इंटरप्टमध्ये एचएएलचं डिले तर चुकूनही घालू नका. ते ज्या टिकवर अवलंबून असतं त्याची प्राथमिकता तुमच्या इंटरप्टहून खालची असली, तर टिक पुढे सरकत नाही आणि प्रोग्राम तिथेच जिरतो.) आणि आकडा बघायला प्रिंट लागतच नाही. ‘लाइव्ह एक्स्प्रेशन्स’च्या खिडकीत त्या व्हेरिएबलचं नाव टाका. ते ग्लोबल असायला हवं, एवढीच अट. प्रोसेसर न थांबता चालत राहतो आणि डीबगर त्याच्या मेमरीतून किंमत वाचून दाखवत राहतो.

रिलीजमधल्या अडकलेल्या लूपचं कारण तुम्ही कदाचित ऐकलं असेल : पल्स आल्याची खूण ठेवणाऱ्या फ्लॅगला (व्हेरिएबलला) व्होलाटाइल हे विशेषण लावायचं राहिलंय. पण माझ्या सांगण्यावरून ते लावू नका, आधी बघा. रिलीज बिल्ड डीबगरमधून चालवा, अडकला की पॉजचं बटण दाबा आणि डिसअसेम्ब्लीची (कंपायलरने बनवलेल्या सूचनांची) खिडकी उघडा. तुम्ही लिहिलेल्या लूपच्या जागी एकच सूचना सापडेल, आणि ती उडी मारतेय स्वतःच्याच पत्त्यावर. कंपायलरने तुमचा फ्लॅग लूपच्या आधी एकदाच वाचला, तो शून्य दिसला, लूपच्या आत त्याला कोणी हात लावत नाही हे पाहिलं, आणि पुन्हा वाचायचे कष्ट वाचवले. त्याच्या नियमांनुसार तो चुकलेला नाही. हा फ्लॅग इंटरप्टमधून बदलतो हे त्याला तुम्ही सांगितलंच नव्हतंत. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन बंद असतं, म्हणून तिथे तो दर फेरीला मुकाट मेमरीतून वाचत होता. आता व्होलाटाइल लावा, पुन्हा बिल्ड करा आणि तीच खिडकी पुन्हा बघा. मेमरीतून वाचणारी सूचना लूपच्या आत आलेली दिसेल.

एक सावधगिरी. हा शब्द कळला की लोक तो सगळीकडे शिंपडतात. तो फक्त ‘दर वेळी मेमरीतून वाच’ एवढंच सांगतो. इंटरप्ट आणि मुख्य लूप दोघेही एकाच व्हेरिएबलमध्ये भर घालत असतील तर तो वाचवणार नाही, कारण वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे या तीन पायऱ्यांच्या मध्ये इंटरप्ट घुसू शकतो. तुमच्या मोजणीत मुख्य लूप फक्त वाचतो. ३२ बिटांची किंमत हा प्रोसेसर एका दमात वाचतो, म्हणून तुमचं निभावतं. तोच कोड अर्डुइनो उनोवरच्या ८ बिटी चिपवर नेलात तर तिथे १६ बिटांची किंमतही दोन तुकड्यांत वाचली जाते आणि मधोमध इंटरप्ट आला की भलताच आकडा हाती येतो.

ब्रेकपॉइंटबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. प्रोसेसर थांबतो, टायमर थांबत नाही. तुम्ही ओळ न् ओळ तपासत असता तेव्हा पीडब्ल्यूएम शेवटच्या किमतीवर चालूच असतो. पंखा आहे तोवर बिघडत नाही, तो फिरत राहील. उद्या याच पिनवर हीटर लावलात आणि तो पूर्ण चालू असताना ब्रेकपॉइंट लागला, तर तुम्ही स्क्रीनकडे बघत असाल आणि हीटर तापत असेल. वॉचडॉगही (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) असाच चालू राहू शकतो आणि तुमच्या नाकासमोर चिप रिसेट करतो. दोघांनाही डीबगच्या वेळी गोठवायची सोय चिपमध्ये आहे, डीबीजीएमसीयू या रजिस्टरात त्यासाठी बिट आहेत.

गायब झालेल्या कोडवर फार वेळ घालवत नाही. जनरेट झालेल्या फाईलमध्ये ‘यूजर कोड बिगिन’ आणि ‘यूजर कोड एंड’ अशा कॉमेंटच्या जोड्या असतात. त्यांच्या मधलं राहतं, बाहेरचं जातं. पण त्या जोड्यांमध्ये सगळा प्रकल्प कोंबण्यात अर्थ नाही. पंख्याची एक फाईल, सेन्सरची एक फाईल अशा स्वतःच्या फाइली करा. क्यूब त्यांना हात लावत नाही. मेनमध्ये त्यांची फंक्शनं बोलवायच्या चार ओळी तेवढ्या ठेवा. आणि प्रोजेक्ट गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाका : आयओसी फाईल (क्यूबची सेटिंग), सोर्स आणि लिंकर स्क्रिप्ट आत, डीबग आणि रिलीजचे फोल्डर बाहेर. जनरेट दाबण्याआधी कमिट करायची सवय लागली की काय बदललं ते ओळीओळीने दिसतं.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल. केल, आयएआर, एमप्लॅब एक्स, क्यूबआयडीई, या सगळ्यांच्या पोटात तीनच गोष्टी आहेत : कंपायलर, लिंकर, डीबगर. क्यूबआयडीईमध्ये वरचा सांगाडा एक्लिप्सचा आणि आत जीसीसी हा कंपायलर व जीडीबी हा डीबगर, एमप्लॅब एक्सचा सांगाडा नेटबीन्सचा. एका ठिकाणी चिप थांबवून रजिस्टर वाचायला शिकलात की दुसरीकडे फक्त मेनू शोधावे लागतात. नोकरीत कंपनी जे देईल ते वापरावं लागतं, तेव्हा आत्ता त्यावर भांडण्यात हशील नाही.

थेट रजिस्टर लिहिणाऱ्या मित्राचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. सगळा प्रकल्प तसा लिहिणं दीड महिन्यात वेडेपणा ठरेल. पण एकदा, एका एलईडीपुरतं, ते करून बघाच, आणि तेही कोडची एक ओळ न लिहिता. डीबग सुरू करून मेनच्या पहिल्याच ओळीवर थांबा. एसएफआरच्या खिडकीत आरसीसीचं एपीबी२ईएनआर उघडा आणि त्यातला ४ क्रमांकाचा बिट हाताने १ करा. पोर्ट सीला क्लॉक मिळाला. आता जीपीआयओसीचं सीआरएच उघडा. त्यातले २० ते २३ हे चार बिट पिन १३ चे आहेत. तिथे ४ असेल, म्हणजे मोकळा इनपुट. त्याचे २ करा, म्हणजे आउटपुट. त्याच क्षणी बोर्डवरचा एलईडी पेटेल, कारण ब्लू पिलवर तो पिन शून्यावर गेली की पेटतो आणि ओडीआरमध्ये (आउटपुटची किंमत ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) सुरुवातीला शून्यच असतं. ओडीआरचा १३ वा बिट १ करा, विझेल. मग सगळं रिसेट करून हाच प्रयोग क्लॉकचा बिट न लावता करा. सीआरएचमध्ये काहीही लिहा, ते टिकणार नाही. या चिपमध्ये रिसेटनंतर बहुतेक सगळ्या पेरिफेरलचा क्लॉक बंद असतो, आणि ‘कोड बरोबर आहे पण काहीच होत नाही’ या तक्रारींतल्या कितीतरी इथे संपतात.

हे झालं की एचएएलचं जीपीआयओ इनिट फंक्शन उघडून वाचा. तुम्ही हाताने केलं तेच तिथे जरा लांबण लावून लिहिलेलं दिसेल. मग एचएएल खुशाल वापरा.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. चार तारांच्या पंख्याच्या पीडब्ल्यूएमच्या तारेवर पंख्याच्या आतूनच ५ व्होल्टकडे ओढणारा पुल-अप असतो. तुम्ही ती तार पीए६ वर लावली आहे, आणि या चिपवर पीए० ते पीए७ या पिना ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. प्रोग्राम चालू असताना हे जाणवणार नाही, पण रिसेटच्या वेळी पिन इनपुट असते तेव्हा ते ५ व्होल्ट थेट तिच्यावर येऊ पाहतात. पीडब्ल्यूएम टायमर ४ च्या पहिल्या चॅनेलवर, पीबी६ वर हलवा. ती पिन ५ व्होल्ट सोसते आणि टायमरही एपीबी१ वरचाच, म्हणजे २८७९ तसेच राहतील. पिनचा प्रकार ओपन-ड्रेन (फक्त शून्याकडे ओढणारा) ठेवा. टॅकोची तार ओपन-कलेक्टर, म्हणजे तशीच फक्त शून्याकडे ओढणारी, असते, तिला १० किलोओहमच्या रोधाने ३.३ व्होल्टकडे ओढा, १२ व्होल्टकडे नव्हे. पंख्याच्या १२ व्होल्टच्या सप्लायची ग्राउंड आणि बोर्डची ग्राउंड एकमेकांना जोडलेली आहे ना, तेही बघून घ्या.